वाचकांचे प्रश्न : कापणाऱ्या विकरांचे न कापणारे भाऊबंद

अन्नपचनातील विकरांवरील (एन्झाइमांवरील) लेखानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील काही पत्रे वेगवेगळ्या वाटांनी एकाच विषयाकडे वळलेली दिसली, म्हणून या वेळचे सदर त्या विषयालाच दिले आहे : प्रथिने कापणाऱ्या विकरांच्या कुळात जन्मूनही स्वतः काही न कापणारी प्रथिने.

प्रश्न : माझ्या भाचीला सिकलसेलचा आजार आहे. तिच्या रक्ततपासणीच्या अहवालात ‘हॅप्टोग्लोबिन’ फारच कमी दाखवले आहे. त्याविषयी शोध घेतला, तेव्हा ते ट्रिप्सिनच्या कुळातील प्रथिन असल्याचे वाचले. ट्रिप्सिन तर आतड्यात अन्नातील प्रथिने कापते. रक्तात असे कापणारे प्रथिन हवेच कशाला, आणि ते कमी झाल्याने बिघडते काय?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे, मात्र त्यातील निम्मीच गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचली आहे. हॅप्टोग्लोबिनचा जन्म ट्रिप्सिनच्या कुळात झाला हे निश्चित. पण ते स्वतः काहीही कापत नाही, किंबहुना कापू शकत नाही.

आतड्यातील ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन, रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे प्लाझमिन ही सगळी एकाच घडणीची विकरे आहेत. त्यांच्या पृष्ठभागावर एक खाच असते आणि त्या खाचेत हिस्टिडिन, अ‍ॅस्पार्टेट व सेरीन ही तीन अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाच्या लांब साखळीतील तीन दुवे, एकमेकांना खेटून असतात. या कुळातील सर्वांसाठी कायमोट्रिप्सिनचे क्रमांक वापरण्याची प्रथा असल्याने त्यांना अनुक्रमे ५७, १०२ आणि १९५ असे ओळखले जाते. केंब्रिज येथे डेव्हिड ब्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने कायमोट्रिप्सिनची त्रिमितीय रचना उलगडली आणि दोन वर्षांनी या त्रिकुटाचे काम कसे चालत असावे याचे चित्र मांडले. साखळीत एकमेकांपासून दूर असलेली ही आम्ले प्रथिनाची घडी पडल्यावर शेजारी येतात. हिस्टिडिन सेरीनचा प्रोटॉन ओढून घेते, त्यामुळे सेरीनमधील ऑक्सिजन समोर आलेल्या प्रथिनाच्या बंधावर चाल करून जातो, आणि तो बंध तुटतो.

हॅप्टोग्लोबिनची घडी थेट या कुळाचीच आहे, परंतु ५७ व्या जागी हिस्टिडिनऐवजी लायसिन आणि १९५ व्या जागी सेरीनऐवजी अ‍ॅलनीन आहे. अ‍ॅलनीनच्या बाजूच्या गटात ऑक्सिजनच नसतो. तेव्हा बंधावर चाल करून जाणार कोण? अडकित्त्याचे पाते काढून टाकले तरी त्याच्या दोन दांड्या सुपारी घट्ट धरू शकतात, तशी येथे धार गेली आहे पण पकड राहिली आहे. ही पकड मात्र जुन्या खाचेची नसून घडीच्या पृष्ठभागावरील वेटोळ्यांची आहे. या वेटोळ्यांनी हॅप्टोग्लोबिन तांबड्या पेशीतून बाहेर सांडलेल्या हिमोग्लोबिनला असे पकडते, की ते सहसा सुटत नाही. २०१२ साली डुकराच्या रक्तातील या जोडीची रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा ही पकड प्रत्यक्ष पाहता आली.

आता आपल्या भाचीच्या अहवालाविषयी. तांबड्या पेशीचे नेहमीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. सिकलसेलच्या आजारात ते दहा ते वीस दिवसांवर येते. फुटलेल्या पेशीतून बाहेर पडलेले हिमोग्लोबिन दोन अर्ध्यांत विभागते, मूत्रपिंडाच्या गाळणीतून निसटते आणि त्यातील लोहामुळे तेथील पेशींना इजा होते. हॅप्टोग्लोबिन त्याला वाटेतच गाठते. ही जोडी मग यकृत व प्लीहेतील भक्षकपेशी सीडी-१६३ नावाच्या ग्राहकाच्या (पेशीच्या पृष्ठभागावरील, ठरावीक रेणू पकडणाऱ्या प्रथिनाच्या) आधारे आत ओढून घेतात आणि हिमोग्लोबिनबरोबर हॅप्टोग्लोबिनही नष्ट करतात. पेशी सतत फुटत राहिल्या तर यकृताला तेवढे नवे हॅप्टोग्लोबिन तयार करता येत नाही आणि रक्तातील पातळी घसरते. म्हणजे अहवालातील कमी आकडा हा स्वतंत्र दुसरा आजार नसून, पेशी किती वेगाने फुटत आहेत याची ती खूण आहे. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. हॅप्टोग्लोबिन यकृतात तयार होत असल्याने यकृताच्या विकारातही ते कमी दिसते. उलट अंगात दाह किंवा जंतुसंसर्ग असेल तर ते वाढते, त्यामुळे पेशी फुटत असूनही आकडा सर्वसाधारण भासू शकतो. या कारणांमुळे डॉक्टर एकट्या हॅप्टोग्लोबिनवर निर्णय घेत नाहीत.

जुलै २०२३ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि तेव्हापासून या चाचण्यांची नावे घरोघरी पोहोचू लागली, हे चांगलेच झाले. अहवालाबरोबर चार ओळींचे स्पष्टीकरण मातृभाषेत देण्याची पद्धत पडली असती, तर आपल्याला एवढी शोधाशोध करावी लागली नसती.

प्रश्न : ट्रिप्सिनोजनसुद्धा निष्क्रिय असते, असे आम्हाला शिकवले आहे. मग हॅप्टोग्लोबिन आणि ट्रिप्सिनोजन यांत फरक काय? दोघांनाही ‘निष्क्रिय विकर’ म्हणता येईल का?
— देवी अहिल्या विश्वविद्यालयातील एक विद्यार्थिनी

उत्तर : दोघांना एका नावाखाली बसवू नये. ट्रिप्सिनोजनमध्ये वरील तिन्ही आम्ले पहिल्यापासून जागेवर असतात; फक्त खाचेची शेवटची घडण व्हायची राहिलेली असते. लहान आतड्यातील एंटेरोपेप्टिडेज त्याच्या टोकाचा छोटा तुकडा कापते आणि ट्रिप्सिन तयार होते. ती तात्पुरती निष्क्रियता आहे, आणि स्वादुपिंडाने स्वतःलाच पचवू नये यासाठी ती आवश्यकही आहे. हॅप्टोग्लोबिनसारख्या प्रथिनांत त्रिकुटच मोडलेले असल्याने त्यांना कोणीही, कोठेही कापले तरी ती जागी होणार नाहीत. अशा प्रथिनांना छद्मविकरे म्हणतात. ज्या जनुकांपासून प्रथिनच तयार होत नाही, ती छद्मजनुके हा तिसराच प्रकार आहे. छद्मविकर हे पूर्ण घडलेले, कामावर रुजू असलेले प्रथिन असते.

या दोन प्रकारांच्या सीमेवरचे एक उदाहरण फार लक्षवेधी आहे. यकृतपेशी-वृद्धी घटक हे प्रथिन प्लाझमिनोजनचे, म्हणजे प्लाझमिनच्या अजून न कापलेल्या निष्क्रिय रूपाचे, नातेवाईक आहे. त्याच्यातही हिस्टिडिनच्या जागी ग्लुटामिन आणि सेरीनच्या जागी टायरोसिन आले आहे, म्हणजे कापण्याची शक्ती गेलेली आहे; परंतु प्लाझमिनोजनप्रमाणेच त्यालाही दुसऱ्या विकराने ठरावीक ठिकाणी कापावे लागते, तेव्हाच ते पेशीवरील ‘मेट’ या ग्राहकाला चेतवते आणि पेशींची वाढ व हालचाल सुरू होते. कुळाचार पाळला जातो, पण त्यातून निघते ते विकर नव्हे, संदेश.

प्रश्न : आमच्या वसतिगृहात खरजेची साथ आली होती. त्वचारोगतज्ज्ञांनी बोलता बोलता सांगितले, की खरजेचा किडा ‘मेलेली विकरे’ वापरून आपल्या शरीराला फसवतो. हे खरे आहे का?
— भंवरकुआँ परिसरात राहणारी एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : खरे आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातील हे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

खरूज आठ पायांच्या, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान अशा माइटमुळे होते. मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा खणत जाते, वाटेतील पेशी आणि त्यांच्यामधील द्रव खाते आणि तेथेच अंडी व विष्ठा टाकते. तिचे जवळचे नातेवाईक म्हणजे घरातील धुळीत राहणारे माइट. त्या धुळीतील माइटांच्या आतड्यात ट्रिप्सिनच्या कुळातील एक प्रथिनभंजक विकर असते, आणि धुळीच्या अ‍ॅलर्जीला कारण होणाऱ्या पदार्थांत त्याचीही गणना होते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००३ साली खरजेच्या माइटमध्ये याच विकराचे भाऊबंद शोधले, तेव्हा त्यांना एक-दोन नव्हे तर एकापासून फुटून वाढलेल्या जनुकांचे मोठे खटले सापडले, आणि त्यांतील बहुतेकांमध्ये त्रिकुटाची मोडतोड झालेली आढळली. पुढे यांपैकी दोन प्रथिनांच्या रचना पाहिल्या गेल्या. तेव्हा केवळ आम्लेच बदललेली नाहीत, तर खाचही बुजून गेली आहे, असे दिसले. पपईतील पपेन या प्रथिने कापणाऱ्या विकराच्या कुळातीलही अशीच मोडकी प्रथिने या माइटकडे आहेत.

एवढी मोडकी प्रथिने पोटात कशासाठी बाळगायची, याचे उत्तर आपल्या रक्तद्रवात आहे. त्यात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची एक साखळी असते, जी परक्या जीवाचा पृष्ठभाग ओळखून त्याला भोके पाडते आणि भक्षकपेशींना बोलावून घेते. माइट जे खातो, त्यातून ही प्रथिने थेट त्याच्या आतड्यात जातात; म्हणजे त्याचे जेवणच त्याच्यावर उलटू शकते. ही मोडकी विकरे आतड्यातच असतात, विष्ठेबरोबर बोगद्यातही पडतात, आणि कॉम्प्लिमेंटच्या घटकांना चिकटून साखळी पुढे सरकू देत नाहीत. यातील आणखी एक दुवा असा, की कॉम्प्लिमेंट साखळीतील कित्येक विकरे याच ट्रिप्सिनच्या कुळातील आहेत.

याचा त्रास माइटपुरता थांबत नाही. कॉम्प्लिमेंट लंगडे पडले की त्वचेवरील जंतूंचेही फावते. प्रयोगशाळेत या प्रथिनांच्या उपस्थितीत स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस हा जंतू माणसाच्या रक्तात अधिक जोमाने वाढलेला आढळला. खरजेवर पू धरतो, आणि पुढे काही जणांच्या मूत्रपिंडावर सूज येते, त्यामागील एक कारण येथे असावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेला उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले, ते केवळ खाजेमुळे नव्हे. वसतिगृहात एकट्यादुकट्याने मलम लावून भागत नाही. खोलीतील सर्वांनी एकाच वेळी, मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, डॉक्टरांनी सांगितलेले औषध लावावे, आठवड्याने पुन्हा लावावे, आणि कपडे व अंथरूण गरम पाण्यात धुवावे.

प्रश्न : सांवेर तालुक्यात आमची सोयाबीनची शेती आहे. कच्चे सोयाबीन जनावरांना देऊ नये, कारण त्यात ट्रिप्सिन अडवणारा घटक असतो, असे कृषी अधिकारी सांगतात. तो घटक म्हणजेही असेच एखादे निकामी विकर असते का?
— एक शेतकरी वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : तो घटक या प्रकारात मोडत नाही, पण सोयाबीनमध्ये खरोखरचे एक छद्मविकर आहे, आणि आपल्या प्रश्नामुळे त्याविषयी लिहिण्याची संधी मिळाली.

आधी अडवणाऱ्याविषयी. मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ साली सोयाबीनमधील ट्रिप्सिन-रोधक स्फटिकरूपात वेगळा केला, म्हणून त्याला कुनिट्झ रोधक म्हणतात. त्याचा ट्रिप्सिनशी काहीही नातेसंबंध नाही. त्याची घडी वेगळीच आहे. तो ट्रिप्सिनच्या खाचेत जाऊन घट्ट बसतो आणि विकराला काम करू देत नाही. त्यामुळे कच्चे सोयाबीन खाल्लेल्या जनावराला प्रथिने नीट पचत नाहीत, व स्वादुपिंडावर ताण येतो. उष्णतेने हा रोधक बहुतांशी नष्ट होतो, म्हणून सोयाबीन भाजून, उकडून किंवा वाफवून वापरतात. आपल्या इंदुरातील खंडवा रोडवरील भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेने हा रोधक नसलेले एनआरसी-१२७ हे वाण दिले आहे, हे आपल्याला कदाचित ठाऊक असेल.

आता छद्मविकर. सोयाबीनच्या बियांत पी-३४ नावाचे प्रथिन असते. त्याचे कूळ पपईतील पपेनचे. कच्च्या पपईच्या चिकामुळे मांस लवकर शिजते, ते या पपेनमुळे. पपेनचे कापणे सेरीनवर नव्हे, तर सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लावर चालते. पी-३४ मध्ये नेमक्या त्याच जागी ग्लायसीन आले आहे. ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल, ज्याच्या बाजूला एका हायड्रोजनखेरीज काहीच नाही. तेव्हा कापण्याचा प्रश्नच मिटतो. तरीही हे प्रथिन बियांत साठवले जाते. सोयाबीनच्या पानांवर डाग पाडणाऱ्या स्यूडोमोनस सिरिंजी या जंतूच्या काही प्रकारांमुळे सिरिंगोलाइड नावाचे रेणू तयार होतात, आणि पी-३४ त्यांना चिकटते असे आढळले आहे. रोगाची चाहूल घेण्याच्या कामाशी त्याचा संबंध असावा असा तर्क यावरून केला जातो.

शेतकऱ्यापेक्षा सोयाबीन खाणाऱ्याला पी-३४ अधिक जाणवते, कारण ज्यांना सोयाबीनची अ‍ॅलर्जी असते त्यांच्यापैकी अनेकांच्या रक्तात याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात. अमेरिकेत एलियट हर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली पी-३४ चे जनुक दाबून टाकलेली सोयाबीनची रोपे तयार केली. ती नेहमीसारखी वाढली आणि त्यांना बियाही नेहमीसारख्या आल्या. मोडके विकर काढून टाकले तर काही बिघडले नाही, असे यावरून कोणी म्हणेल. परंतु प्रयोगाच्या निगराणीत वाढणारे रोप आणि माळव्यात ऐन पावसात डागांच्या रोगाशी झुंजणारे रोप यांना एका मापाने मोजणे मला पटत नाही.

प्रश्न : एखादे विकर निकामी झाले आहे हे शास्त्रज्ञ कशावरून ठरवतात? ते कदाचित असे काहीतरी कापत असेल, जे अजून कोणी तपासलेच नसेल.
— एक निवृत्त शिक्षक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांनीही ती बाळगलेली असते. पहिली पायरी अमिनो आम्लांची साखळी नातेवाइकांच्या साखळ्यांशी जुळवून पाहण्याची. ठरलेल्या जागी सेरीन किंवा सिस्टीन नसेल तर संशय येतो. १९९६ पासून चालत आलेल्या मेरॉप्स या प्रथिनभंजकांच्या सूचीत असे निकामी नातेवाईकही त्या त्या कुळाखाली नोंदलेले असतात. दुसरी पायरी त्रिमितीय रचनेची. तिसरी रासायनिक चाचणीची : डीएफपी हे सेंद्रिय फॉस्फरस संयुग क्रियाशील सेरीनला पक्के चिकटते, जेथे तसे सेरीन नाही तेथे ते चिकटत नाही.

एवढे करूनही ‘निकामी’ हा शब्द सापेक्षच राहतो. पॉल कार्टर आणि जेम्स वेल्स यांनी १९८८ साली सबटिलिसिन या जिवाणूंच्या विकरात त्रिकुटातील सेरीनच्या जागी मुद्दाम अ‍ॅलनीन घातले. कापण्याचा वेग दहा लाख पटींहून अधिक घटला. तरीही तो विकराशिवाय आपोआप बंध तुटण्याच्या वेगापेक्षा हजारपटीने अधिक भरला. उलट बाजूचे उदाहरण प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या विकरांमध्ये आहे. त्यांच्यातील डब्ल्यूएनके या गटाला नेहमीच्या जागचे लायसिन नाही म्हणून निकामी समजता आले असते, पण त्यांनी ते काम शेजारच्या दुसऱ्या लायसिनकडून करून घेतले आहे आणि ती उत्तम चालतात. म्हणून केवळ अक्षरे जुळवून मृत्यूचा दाखला देण्याची घाई करू नये, हे आपले म्हणणे मला मान्य आहे.

प्रश्न : ही सारी अपवादात्मक उदाहरणे आहेत, की पेशीच्या रोजच्या कारभारातही असे प्रकार असतात?
— वरील वाचकांचाच दुसरा प्रश्न

उत्तर : रोजच्या कारभारात ते ठायी ठायी आहेत. पेशीतील टाकाऊ प्रथिनांचे तुकडे करणारा प्रोटिएसोम घ्या. त्याचा गाभा २८ प्रथिनांचा, सात-सातच्या चार कड्यांचा असतो. आतील दोन कड्यांत बीटा जातीची चौदा प्रथिने असतात, पण आपल्या पेशींत त्यांतील केवळ सहाच कापतात. थर्मोप्लाझ्मा या उष्ण व आम्लयुक्त ठिकाणी राहणाऱ्या आर्कियात (जिवाणूंहून वेगळ्या गटातील एकपेशीय सूक्ष्मजीवात) चौदाही कापतात. आपल्याकडील बाकीच्या आठांनी कापणे सोडले, मात्र कडे जुळवून ठेवण्याचे काम सोडले नाही. तंतुकणिकेत (मायटोकाँड्रियात) येणाऱ्या प्रथिनांच्या पुढच्या टोकाचा तुकडा छाटणारे विकरही दोन भागांचे असते, आणि त्यातील एकच भाग छाटतो.

पेशीपटलात बसून तेथल्या तेथे प्रथिने कापणाऱ्या ऱ्होम्बॉइड विकरांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. त्यांच्या निकामी भाऊबंदांना आय-ऱ्होम म्हणतात. टीएनएफ हा दाह वाढवणारा संदेश पेशीपासून मोकळा करण्याचे काम टेस नावाचे दुसरे विकर करते. हे टेस जेथे तयार होते तेथून पृष्ठभागाकडे पाठवण्याचे काम आय-ऱ्होमचे असते, हे २०१२ साली उंदरांवरील प्रयोगांतून सिद्ध झाले. आय-ऱ्होम-२ नसलेल्या उंदरांच्या भक्षकपेशींतून टीएनएफ जवळजवळ बाहेरच पडत नाही. त्याच वर्षी आणखी एक बाब उघड झाली : हातापायांचे तळवे जाड होणे व पुढे अन्ननलिकेचा कर्करोग होणे असा जो दुर्मीळ आनुवंशिक विकार काही कुटुंबांत आढळतो, त्यात बिघाड याच आय-ऱ्होम-२ च्या जनुकात असतो. जे प्रथिन स्वतः काही कापत नाही, त्याच्यात किंचित बदल झाल्याने कुटुंबेच्या कुटुंबे आजारी पडतात.

प्रश्न : माझ्या सासूबाई मधुमेहासाठी ग्लिप्टिन गटातील गोळी घेतात. ती डीपीपी-४ नावाचे विकर अडवते असे माहितीपत्रकात आहे. या विकराचेही निकामी नातेवाईक असतात का, आणि गोळीचा त्यांच्यावर परिणाम होतो का?
— एक गृहिणी, इंदूर

उत्तर : असतात. डीपीपी-४ हे जेवणानंतर आतड्यातून निघणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाच्या टोकाची दोन अमिनो आम्ले कापून त्याला निष्प्रभ करते. ग्लिप्टिन कापणाऱ्या खाचेत जाऊन बसते, त्यामुळे संप्रेरक अधिक वेळ टिकते आणि इन्सुलिनला चालना मिळते. त्याचे दोन निकामी नातेवाईक डीपीपी-६ आणि डीपीपी-१० हे आहेत. पहिल्यात सेरीनच्या जागी अ‍ॅस्पार्टेट आणि दुसऱ्यात ग्लायसीन आहे. ही दोन्ही प्रथिने मुख्यतः मेंदूतील चेतापेशींत पोटॅशियमच्या विशिष्ट वाहिन्यांना बिलगून असतात, आणि त्या वाहिन्या पेशीच्या पृष्ठभागावर किती असाव्यात व किती वेगाने उघडाव्यात यावर त्यांचा प्रभाव असतो. या कामात कापण्याचा काही संबंध नसल्याने, कापणे थांबवणाऱ्या औषधाने त्यांचे ते काम थांबावे असे काही कारण नाही. ग्लिप्टिन तयार करताना औषधशास्त्रज्ञांना काळजी घ्यावी लागली, ती या निकामी दोघांची नव्हे, तर डीपीपी-८ आणि डीपीपी-९ या कापणाऱ्या भावंडांची. त्यांच्या खाचेत औषध शिरू नये यासाठी रेणूची ठेवण निवडावी लागते.